भातुकलीतलं बाटलीचं झाकण

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

पत्रलेखिका आंबेगाव बुद्रुकमधल्या २४ घरांच्या एका सोसायटीत राहतात. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. यजमानांची भोसरीतल्या एका लहान कारखान्यातली नोकरी दिवाळीनंतर गेली. घर सध्या पत्रलेखिकेच्या शिकवण्यांवर चाललं आहे आणि मेन्टेनन्स पाच महिने थकला आहे. ‘सवडीने द्या’ म्हणून चेअरमनकाकांनी सांभाळून घेतलं आहे. त्यातच बोअर आटलं, रोज टँकर मागवावा लागतो, त्याची वर्गणी वेगळी. पंपाशेजारच्या खोलीत वॉचमन, त्यांची पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि लहान मुलगा राहतात. कुटुंब जालना जिल्ह्यातलं. गेल्या महिन्यात पार्किंगमधून एक सायकल गेली. ‘यांच्याकडेच कोण कोण येत असतं’, ‘पाणीही हेच उधळतात’ असं ग्रुपवर सुरू झालं आणि कमिटीने ठरवून टाकलं की त्या कुटुंबाने सकाळी अर्धाच तास पाणी भरायचं आणि त्यांच्या मुलांनी पार्किंगमध्ये खेळायचं नाही.

पार्किंग बंद झाल्यावर वॉचमनची मुलगी पत्रलेखिकेच्या गॅलरीत खेळायला आली. चार मुली होत्या, तुळशीबागेतून आणलेली स्टीलची भातुकली होती, तिच्यात सहा कप. पत्रलेखिकेच्या मुलीने तिघींना, म्हणजे स्वतःला आणि दोघी मैत्रिणींना, कपात खोटा चहा दिला आणि वॉचमनच्या मुलीपुढे पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण ठेवलं. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, “तिचा वेगळा असतो ना.” पत्रात पुढे ओघातच आलं आहे की त्या मुलीची आई यांच्याकडे भांडी घासते आणि तिचा चहाचा कप खिडकीत वेगळा असतो, ‘पण तो स्वच्छतेसाठी. आम्ही जातपात मानत नाही.’

त्या विचारतात: माझी निरागस मुलगी हे कुठून शिकली? वातावरण निवळेपर्यंत दोघींचं खेळणं बंद ठेवू का? आणि ज्यांच्या उपकाराखाली आम्ही आहोत त्यांच्याविरुद्ध ग्रुपवर बोलू, की गप्प बसू?

---

तुमच्या मुलीला बाहेरून काहीतरी वाईट चिकटलं आणि आता ते पुसून काढायला हवं, अशा अंगाने तुम्ही लिहिलं आहे. मला ते तसं दिसत नाही. रोज डोळ्यांसमोर घडतं तेच तिने खेळात तंतोतंत उतरवलं. पाहुणे आले की कप ट्रेमधून येतात आणि मावशींचा कप खिडकीतून येतो, हे तिने पाहिलेलं आहे. त्या मावशींची मुलगी खेळायला बसली, तेव्हा हिला कशात द्यायचं हे तिने कुणालाही न विचारता सोडवलं. कप कमी पडले नव्हते, तीन शिल्लक होते. तरी तिने उठून झाकण शोधून आणलं. एवढी तसदी मूल उगाच घेत नाही. नियम नीट पाळावा म्हणून घेतं.

म्हणून तिच्याआधी त्या कपाबद्दल बोलू या. स्वच्छतेचं कारण तुम्ही मनापासून दिलं असेल, मला त्यावर शंका घ्यायची नाही. फक्त ताडून पाहा. सर्दी झालेली नणंद आली तर तिला ट्रेमधल्याच कपात चहा मिळतो आणि तो कप धुऊन परत फळीवर जातो. तुम्ही जेवता ती ताटं, मुलीचा दुधाचा पेला, हे सगळं मावशींच्या हातून धुऊन निघतं. त्या हातांची स्वच्छता आपल्याला चालते. म्हणजे साबणाने प्रश्न सुटायला हवा होता, आणि नणंदेच्या बाबतीत तो सुटतोही. मग जे उरतं ते काय, याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्यावं असं मला वाटतं. हा कप तुम्ही शोधून काढलेला नाही. तो सासरहून किंवा माहेरहून आला असेल. तिथे त्याचं कारण कुणी विचारत नसे आणि कुणाला द्यावंही लागत नसे. आपल्या पिढीला ते उघड बोलायची लाज वाटू लागली, तेव्हा स्वच्छता पुढे आली. पुण्यातल्या कितीतरी घरांत तो कप आजही खिडकीत आहे, कुठे ओट्याखाली आहे, आणि ती सगळी घरं ‘आम्ही मानत नाही’ असंच म्हणतात. म्हणतात ते खोटंही नसतं. मानत नाहीत, फक्त पाळतात. मुलं आपलं मानणं ऐकत नाहीत, पाळणं बघतात.

दुसरी गोष्ट तुम्ही निरागसपणाबद्दल धरून चालला आहात. मुलीच्या कानावर काही पडू दिलं नाही की ती तशीच राहील, असा तुमचा हिशोब आहे. पण अगदी तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा ‘आपल्यातले’ आणि ‘दुसरे’ अशी वाटणी करू लागतात. तुम्ही या विषयावर मौन पाळलंत तरी तिच्या मनातली जागा रिकामी राहत नाही. ग्रुपवरचे आवाजी मेसेज, जिन्यातली कुजबुज, बाबांची नोकरी गेल्यावर घरात आलेला ताण, यांतून ती स्वतःचा अर्थ लावते. आपल्याकडे पैसे नाहीत हे आठ वर्षांच्या मुलीला कळतं. अशा वेळी आपल्याहून खाली कुणीतरी आहे, ही गोष्ट मुलांना काय, मोठ्यांनाही धीर देऊन जाते. तुमच्या मुलीच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही. पण घरातल्या अडचणीबद्दल तिच्याशी सरळ बोलायची वेळ आली आहे, एवढं मात्र नक्की.

आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ थांबले. तुम्ही लिहिता, “ती मुलगी काहीच म्हणाली नाही, झाकणातून चहा प्यायली. तिला काही वाटलं नसावं.”

१९०१ मध्ये साताऱ्याहून नऊ वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर आगगाडीने वडिलांकडे निघाला होता. अंगावर नवे कपडे होते. मसूर स्टेशनवर मुलं उतरली, जात विचारली गेली आणि स्टेशनमास्तर मागे सरले. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचं, अशा अटीवर. जवळ जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही आणि रात्र तशीच गेली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. शाळेत आपल्याला वेगळं बसवतात, नळाला हात लावू देत नाहीत, हे त्यांना त्याआधीच माहीत होतं आणि ते ते निमूट सोसत होते. मसूरच्या त्या प्रवासाने मात्र घाव घातला, आणि तीसहून अधिक वर्षांनी त्यांनी तो बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवला. वॉचमनच्या त्या मुलीने काय लक्षात ठेवलं हे तुम्हाला किंवा मला कळणार नाही. सात वर्षांचं मूल पाहुणं म्हणून आलेल्या घरी तक्रार करत नाही. त्यातून आईचं काम त्याच घरी असेल तर नाहीच करत. ती गप्प बसली याचा अर्थ तिला काही वाटलं नाही, असा धरू नका.

आता पाण्याकडे येते. ग्रुपवरचा राग पाण्यावरून आहे आणि तो खराही आहे. टँकरची वर्गणी भरून लोक मेटाकुटीला आलेत. पण हिशोब कुणी केलाय का? शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडच्या पाणीपुरवठ्याचं सरकारी माप आहे. २४ घरं, घरटी चार माणसं धरली तर सोसायटीची रोजची गरज साधारण १३,००० लिटर होते. वॉचमनचं कुटुंब रोज २०० लिटरचं एक पिंप आणि चार हंडे भरतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. हंडा पंधरा लिटरचा धरला तरी सगळे मिळून २६० लिटर, म्हणजे माणशी ६५. तुमच्या-माझ्या मापाच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी उद्या एक थेंबही घेतला नाही, तरी सोसायटीचं शंभरातलं दोन टक्केच पाणी वाचेल. एखाद्या बाथरूममधला गळका फ्लश महिनाभर तसाच राहिला तर त्याची चर्चा ग्रुपवर होत नाही, कारण तो दिसत नाही. पिंप भरताना दिसतं. टंचाईत ज्याचं पाणी सगळ्यांसमोर भरलं जातं त्याच्यावर नजर जाते. आणि हे कुटुंब तर पाण्यापायीच गाव सोडून आलेलं आहे.

टंचाईत माणसं एकमेकांवर उठतात ही निसर्गाचीच रीत आहे, असा सूर तुमच्या पत्रात एका जागी आहे. तो मला पटत नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं होतं. सगळी मुलं एकाच प्रकारच्या घरांतली, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत शिव्याशाप, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी इथवर मजल गेली. मग दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून पाहिलं, त्याने काही झालं नाही. पुढे शिबिराचं पाणी बंद पाडलं गेलं. टाकीच्या तोटीत गोणपाट कोंबलेलं होतं. ते शोधायला आणि काढायला दोन्ही गट एकत्र लागले. त्या संध्याकाळी पुन्हा भांडणं झालीच. पण अशी दोघांच्याही गरजेची कामं एकामागून एक पडत गेली आणि वैर उतरत गेलं. यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. भांडण लावणारी मांडणी मोठ्यांनी केली होती, आणि पाण्याची तीच अडचण जोडायलाही कामी आली.

आणि आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे १८७७ च्या दुष्काळात गावोगावची उपाशी कुटुंबं पुण्याच्या दिशेने आली, तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम काढून त्यांच्या मुलांना जेवू घातलं. ते धनकवडी तुमच्या सोसायटीपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पाणी आणि अन्न तेव्हाही उदंड नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

खेळणं बंद करू नका. ‘वातावरण निवळेपर्यंत’ असं तुम्ही म्हणता, पण तुमच्या मुलीला त्यातून एवढंच समजेल की आपण केलं ते बरोबर होतं, आईनेही तेच केलं. आणि दुसऱ्या मुलीचं पार्किंग गेलंच आहे, तुमचं घरही जाईल. एका जिन्यातल्या मैत्रीला ‘थोडे दिवस’ फार असतात. मुलं तेवढ्यात दुसरीकडे रमतात आणि मोठ्यांना वाटतं प्रश्न मिटला.

मुलीशी बोलताना तिला रागावू नका आणि सॉरीही म्हणायला लावू नका. मोठ्यांनी वदवून घेतलेली सॉरी दोघींनाही अवघडून टाकते. आधी स्वतःच्या कपाबद्दल बोला. “मावशींचा कप मी वेगळा ठेवायचे. तसं करायला नको होतं. आजपासून सगळ्यांचे कप एकाच फळीवर.” एवढं पुरे. ती ‘का?’ विचारेल, तेव्हा तिच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा. काही माणसांना जन्मावरून आणि कामावरून कमी लेखायची फार जुनी वाईट पद्धत आपल्याकडे आहे, ती आपण मोडतोय, असं सांगा. ‘ते बिचारे गरीब आहेत, त्यांच्याशी चांगलं वाग’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. कीव करायला शिकलेलं मूल मैत्रीण गमावतं, तिच्या जागी एक गरजू मुलगी बघायला लागतं. मग एका दुपारी चौघींना बोलावून खरंच लिंबूसरबत करा आणि सहा सारखे पेले मांडून ठेवा. वाढायचं काम मुलीकडे द्या आणि तुम्ही आत जा.

मावशींच्या बाबतीत गाजावाजा नको. माफीचं भाषण केलंत तर तुमचं मन हलकं करायचं ओझं त्यांच्यावर पडेल. चहा ट्रेमधल्या कपात द्या, बस. त्या कदाचित म्हणतील, “राहू द्या ताई, माझा कप हाय की.” सवयीने म्हणतील, किंवा हे किती दिवस टिकतंय याचा अंदाज घेत म्हणतील. आग्रह करू नका, पण खिडकीतला कप परत काढूही नका. आणि त्या चहा कुठे घेतात तेही बघा. उंबऱ्याशी उकिडव्या बसून घेत असतील तर खुर्ची पुढे करा. बसायचं की नाही ते त्या ठरवतील.

ग्रुपवर बोलावं का, हा तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पाच महिन्यांची थकबाकी असताना आवाज खाली येतो. तरीही चेअरमनकाकांनी सवलत दिली ती तुम्ही सभासद आहात म्हणून, गप्प बसाल म्हणून नव्हे. ही सवलत तोंडी आहे, तोवर तुम्हाला तिचं दडपण वाटत राहणार. म्हणून दरमहा झेपेल एवढ्या रकमेचे हप्ते लेखी ठरवून घ्या, पाचशे रुपये का असेनात.

पण एका गोष्टीचा तुम्ही विचार केलेला नाही. तुम्ही बोललात आणि कमिटी चिडली, तर नोकरी तुमची जाणार नाही, वॉचमनची जाईल. खोलीही जाईल. म्हणून आधी त्या दोघांना विचारा. ‘मी तुमच्यासाठी बोलते’ असं सांगायला जाऊ नका. ‘मी बोलले तर तुम्हाला त्रास होईल का, आणि काय बोललं तर चालेल?’ असं विचारा. कदाचित ते म्हणतील, पाण्याचं बोला, सायकलचं नको. त्यांना परिणाम तुमच्याहून नीट ठाऊक आहेत, त्यांचं ऐका.

त्यांनी होकार दिला तर ग्रुपवर न लिहिता चेअरमनकाकांना घरी जाऊन भेटा. ग्रुपवर माणूस शंभर डोळ्यांसमोर असतो, माघार घेत नाही. समोरासमोर हिशोबाचा कागद ठेवलात तर घेईल, निदान विचारात पडेल. जाताना एखादी शेजारीण सोबत न्या. २४ घरांत तुमच्यासारखं वाटणारी पण गप्प बसलेली दोन-तीन घरं असतातच. मागण्या छोट्या ठेवा. टँकरच्या पावत्या नोटीसबोर्डवर लावाव्यात, प्लंबरकडून सगळ्या घरांची गळती एकदा तपासून घ्यावी, आणि मुलांच्या खेळण्यावरची बंदी उठवावी. गळती शोधायच्या कामात वॉचमनना सोबत घ्या असं सुचवा. पंप आणि व्हॉल्व्ह त्यांच्याइतके कुणाला माहीत नाहीत, आणि ज्यांच्यावर उधळपट्टीचा आळ आहे त्यांच्याच हातून पाणी वाचलं तर ग्रुपला ते दिसेल. सायकलची चौकीत तक्रार दिली आहे का, हेही विचारून घ्या. दिली नसेल तर ती देणं हे सायकलमालकाचं काम आहे. तक्रार न देता सात वर्षांच्या मुलीला खेळायची बंदी घालणं हा चोरीचा तपास होत नाही.

काकांनी ऐकलं नाही तर? तर तूर्त तुमची गॅलरी आहे, आणि ती कमिटीच्या अखत्यारीत येत नाही. घरात तुम्ही काय करता याला कुणाची परवानगी लागत नाही. वॉचमन-मावशींना धोका होईल असं काही रेटू नका, आणि मैत्रीही तोडू नका. एवढ्याने सोसायटी बदलणार नाही. मला त्याबद्दल तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही.

अशाच सोसायट्यांच्या कमिटीवर असलेल्या वाचकांना मात्र एक विनंती. टंचाईत नियम करावे लागतात हे मान्य. नियम लिटरवर करा, घरावर करू नका. सगळ्या घरांना, पंपाशेजारच्या खोलीलाही, माणशी सारखं माप लावा आणि मग कोण जास्त वापरतं ते मोजा. मुलांना तर कुठल्याच ठरावात घेऊ नका.

काकांशी काय बोलणं झालं आणि वॉचमन-मावशी काय म्हणाल्या, ते जरूर कळवा. यजमानांच्या कामाचं कुठे जुळतंय का, तेही लिहा. त्यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, आणि मला वाटतं त्याबद्दलही आपण बोलायला हवं.